बुवांचा हात

मुरबाडच्या भजनस्पर्धेत परीक्षकांनी मला मधेच हात दाखवून थांबवलं. मांडव गच्च भरलेला. माझा अभंग अर्धाच झाला होता. तोंड उघडंच राहिलं.

"तालात नाहीस," ते म्हणाले. कल्याणचे कुणी गवई होते. "कडवं संपलं की पळतोस. धृपदावर मृदंगाच्या आधी पोचतोस. गळा चांगला आहे, पण ही चूक आजवर कुणी दाखवली नाही? शिकवतं कोण तुला?"

मांडव हसला. मी आमच्या बुवांकडं बघितलं. माझे गुरू. पहिल्याच रांगेत होते. ते उठले, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "शिकवलं आमी सगळ्यांना सारखंच. आमच्याकडं भेदभाव नाय. पन या लोकांच्या अंगातच ताल नाय, त्याला आपन काय करनार?"

या लोकांच्या. चुकलो मी एकटा. बेताल ठरला अख्खा महारवाडा.

मी टाळ घेऊन खाली उतरलो आणि बैलगाड्यांच्या मागं जाऊन बसलो. मेलो असतो तर बरं झालं असतं, असं वाटलं. खरंच वाटलं. गाण्याशिवाय माझ्याकडं होतं काय? दिवसभर आटगाव स्टेशनजवळच्या वखारीत गवताच्या गठड्या बांधायच्या. अंगभर कुसळं, हाताला चिरा. संध्याकाळी टाळ हातात आले की तेवढा वेळ मी माणूस असायचो. तेही गेलं.

बुवा आमच्याच गावचे, शहापूरकडचे. शिवाशिव मोडायचा नवा कायदा आला तेव्हा त्यांनी मला मारुतीच्या देवळाच्या पडवीत घेतलं. पंचक्रोशीत त्यांचं नाव झालं. बाकीचे बुवांच्या मांडीला मांडी लावून बसायचे. मी कडेच्या खांबापाशी. मला त्याचंही काही वाटायचं नाही. आत तर घेतलंय, असं म्हणायचो. गाढव होतो.

बुवांची शिकवायची एक तऱ्हा होती. एकेकाला म्हणायला लावायचे. चुकला की फाडकन मांडीवर चापट. मग त्याच मांडीवर हातानं ठेका धरायचे, तो बरोबर म्हणेपर्यंत सोडायचे नाहीत. "रेड्या, कुठं पळतोस? दावं तुटलं काय?" असं चालायचं. गणू नावाचा कुणब्याचा पोरगा माझा दोस्त. त्याच्या मांड्या लाल व्हायच्या. माझी पाळी आली की बुवा डोळे मिटायचे. ऐकायचे. "वा! शाबास." झालं. पुढचा.

मला काय वाटायचं, सांगू? मी चुकतच नाही. आई विचारायची, "आज काय शिकवला रे बुवानं?" मी छाती फुगवून सांगायचो, "मला शिकवायला काय उरलंच नाय गो!" ती चुलीपुढं बसून हसायची. आणि माझी चूक टाळांच्या गजरात बुडून जायची. आमचा मृदंगवाला मला सांभाळून घ्यायचा. मुरबाडला एकट्यानं म्हणायचं होतं, मृदंगवाला परका. तिथं सगळं उघडं पडलं.

गणू मला शोधत गाड्यांमागं आला.

"गण्या, मी पळतो हे तुला ठाऊक व्हतं?"

"व्हतं."

"बुवांना?"

"त्यांना नाय तर कोनाला? मी एकदा बोललो त्यांना, त्याला पन मारा की मांडीवर. तर मलाच हानला."

"काय म्हनले?"

गणूनं मान खाली घातली. "म्हनले, त्याला हात लावला तर मला भजनातून उठून आंगोळ करावी लागंल."

आंघोळ. एका तांब्याभर पाण्यापायी माझा गळा वाया घालवला यांनी. आणि वर शाबासकी. ती शाबासकी मी घरी नेऊन आईला दाखवत होतो. मला बुवांपेक्षा माझीच किळस आली.

पुढच्या एकादशीला मी पडवीत गेलो. खांबापाशी बसलो नाही. सरळ बुवांच्या समोर जाऊन बसलो. आजूबाजूचे सरकले. माझी पाळी आली तेव्हा मी मुद्दाम वाकडं म्हटलं. टाळ एकीकडं, तोंड दुसरीकडं. मृदंगवाल्यानं हात आवरला. पोरं तोंडात टॉवेल कोंबून हसायला लागली. बुवांचे डोळे मिटलेलेच.

"वा! शाबास," ते म्हणाले.

मी मांडी पुढं केली. "बुवा, मी जानून वाकडं म्हनलो. मारा."

बुवांनी डोळे उघडले. हात उचलला. माझ्या मांडीच्या वर वीतभर आला आणि तिथंच थांबला. पड, पड, मी मनात म्हणत होतो. तो पडला असता तर मी मागचं सगळं विसरलो असतो, त्यांच्या पायावर डोकं ठेवलं असतं. इतका लाचार झालो होतो मी. हात मागं गेला. बुवांनी तो उपरण्याला पुसला. लागलाच नव्हता, तरी पुसला.

"घरी जा. डोकं फिरलंय तुझं."

"आता कुठं ठिकानावर आलंय," मी म्हणालो. टाळ त्यांच्यापुढं ठेवले आणि पायऱ्या उतरलो.

नंतर ताल शिकायला कुठंकुठं फिरलो. उशीर झाला होता. पळायची सवय हाडात गेली होती. आजही कडवं संपलं की मी मृदंगाच्या पुढं असतो. ती चूक माझ्याबरोबरच जळणार. गायक मी झालो नाही.

पण वस्तीत मी गाणं शिकवतो. पोरं, पोरी, म्हातारेसुद्धा बसतात. चुकेल त्याच्या मांडीवर माझा हात पडतो. खोटं 'वा' कुणाला मिळत नाही. परवा बुवांचा मुलगा आला. म्हणाला, "तुमची पोरं चांगली गातात. गावच्या उत्सवाला पाठवा."

"येतील की," मी म्हणालो. "पयलं तू त्यांच्या मधे बस. ऐक. चुकली की मांडीवर मार, आनि हात ठेवून ठेका दाखव."

तो उठला, चपला घातल्या आणि गेला.

जाऊ दे. आमचा गळा पाहिजे असेल तर आधी हात लावा. तोवर आमचा एक सूर तुमच्या मांडवात येणार नाही.