जोलीनची तीन मिनिटं

व्हर्ना स्टोल्ट्झ आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं मक्याचा पाव भाजतेय आणि मी तिच्या शेजारी भांडी घासतेय. बाई इतकी अबोल, की मीठ हवं असलं तरी नुसतं बोट दाखवते. त्या मंगळवारी ती जे बोलली, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

ओहायोतलं आमचं एवढंसं गाव, पण एका कादंबरीवरून पेटलं होतं. तिच्यातली आई दोन लेकरं मागे टाकून निघून जाते. शाळेच्या वाचनालयातून ते पुस्तक काढा, असा गावातल्या आयांनी अर्ज केला. पुढारीण कोण? व्हर्नाचीच थोरली, जोलीन!

शाळा समितीच्या सभेत रीत ठरलेली. नाव, पत्ता, मुलं किती ते सांगायचं आणि तीन मिनिटांत आटपायचं. अध्यक्ष हॉवर्ड अंडी उकडायचं घड्याळ समोर घेऊनच बसतो.

"कुठलीही आई असं करत नाही!" एकेक जण तावातावाने सांगत होती. जोलीनने आपली पाळी शेवटी ठेवली होती.

तेवढ्यात व्हर्ना उठली. मी तिची बाही ओढली. "अगं बस, वेड लागलंय का? लेकीच्या विरोधात बोललीस तर जोलीन नातवंडांना तुझ्या दारात पाठवायची नाही!"

ऐकते कसली!

"व्हर्ना स्टोल्ट्झ. चौदा, मिल रस्ता. मुलं दोन. ती आई मीच. एकोणनव्वद साली दोघांना माझ्या आईकडे सोडून गेले. अकरा महिने. आजारी मावशीकडे होते म्हणून सांगत आले, ते साफ खोटं. हे पुस्तक मी तीनदा वाचलं. माझ्यासारखीबद्दल कुणीतरी शिव्या न घालता लिहिलंय..."

घड्याळ खणाणलं.

"वेळ संपला, व्हर्ना," हॉवर्ड खाली बघत म्हणाला.

जोलीन माईकपाशी आली. मला वाटलं, झालं, आता आईला चारचौघांत सोलणार.

"जोलीन रीड. सहा, मेपल रस्ता. मुलं तीन." तिने हातातला कागद घडी करून खिशात टाकला. "मी तेव्हा सहा वर्षांची होते. कसली मावशी अन् कसलं काय! मला ठाऊक होतं, आई."

मग ती हॉवर्डकडे वळली. "माझी तीन मिनिटं हिला द्या. परत का आली, ते सांगायचं राहिलंय."

आणि मीठसुद्धा तोंडाने न मागणारी ती बाई बोलायला लागली. मी आपली बघतच राहिले.