कॉम्प्युटरची पूजा

शाळेत मी नवी होते आणि नोकरी अजून कच्ची होती. दसऱ्याच्या सुट्टीत सहामाहीचे गुण भरायचे म्हणून मोठ्या मॅडमनी ऑफिसातला कॉम्प्युटरच माझ्यासोबत तिगावला घरी पाठवला. "सगळ्या वर्गांचे गुण यातच आहेत, जपा," एवढंच त्या म्हणाल्या. मी जपलं नाही.

गुण भरून झाले होते. गप्प बसायचं सोडून मला नसती उठाठेव सुचली. पडद्यावरच्या त्या करड्या पट्ट्या आणि मुंगीएवढी अक्षरं बघून माझं डोकं उठायचं. नवमीच्या दुपारी एका व्हिडिओत बघून मी पडद्याचं रूप बदलणारी जांभळी थीम उतरवून घेतली. सिस्टीमच्या फाइली बदलू का, असं मशीन पुन्हा पुन्हा विचारत होतं. मी दर वेळी हो म्हटलं, जसं काही मला सगळं कळत होतं. बंद करून चालू केलं, तर काळा पडदा आणि त्यावर माऊसचा पांढरा बाण. बाकी काही नाही.

पुन्हा बंद, पुन्हा चालू, तोच बाण. पोरांचे गुण गेले, नोकरी गेली, आणि आता नवरा विचारणार, तुला कोणी सांगितलं होतं? मी मशीनवर टॉवेल झाकला आणि भाजी निवडायला बसले. चांगली मेथीही मी कचऱ्यात टाकत होते.

दसऱ्याच्या सकाळी सासूबाईंनी ओसरीत फवारणीचा पंप, विळे आणि कुदळ मांडून पूजा केली. मग ताम्हण घेऊन थेट कॉम्प्युटरकडे आल्या. "ज्यानं घर चालते, त्याले हात जोडा लागते," म्हणाल्या. टॉवेल काढून त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्याला कुंकवाची पाच बोटं लावली, अक्षता वाहिल्या आणि झेंडूच्या फुलानं पाणी शिंपडलं. नवऱ्याला हौस आली. "चालू तर करून पाहू," म्हणत त्यानं बटण दाबलं.

काळा पडदा. पांढरा बाण.

"पाणी काऊन शिंपडलं, आई? कितीदा सांगतलं, बिजलीची वस्तू हाय!" तो ओरडला.

"थोडंसंच शिंपडलं बापा." सासूबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. त्या माझ्याकडे वळल्या. "पोरी, तुही नोकरी जाते का आता?"

बोलायची वेळ तीच होती. मी मूग गिळून बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे चोर शेजारीच उभा होता, नवी साडी नेसून.

दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला दुरुस्तीला निघाले, तर सासूबाई हट्टानं सोबत आल्या. ऑटोत डबा मांडीवर घेऊन त्या रस्ताभर पदरानं कुंकू पुसत होत्या. मला आता वेगळीच भीती होती. दुकानदार त्यांच्यादेखत खरं बोलला तर?

त्यांना बाहेर बाकावर बसवून मी एकटीच आत गेले. दुकानदार म्हातारा होता, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा. त्यानं डबा उघडला, अक्षतांचे दोन दाणे वेचून टेबलावर ठेवले आणि चालू करून बराच वेळ पाहत राहिला.

"पाण्यानं काही नाई झालं. आत कोरडं हाय. थीम टाकली का कोणी?"

"हळू बोला," मी म्हणाले.

त्यानं चष्म्यावरून बाहेरच्या बाकाकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. सिस्टीम त्यानं नवमीच्या सकाळवर नेऊन ठेवली. करड्या पट्ट्या आल्या, मुंगीएवढी अक्षरं आली. सगळे गुण जागच्या जागी होते. असं मागं जाता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

मी बाहेर येताच सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "माह्या पाण्यानंच झालं ना?"

"आता झालं नीट, आई," मी म्हणाले.

नोकरी टिकली. पुढच्या वर्षी आम्ही घरचा कॉम्प्युटर घेतला. दसऱ्याला सासूबाई पंप, विळे, कुदळ सगळं पुजून माझ्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. ताम्हण त्यांनी माझ्या हातात दिलं.

"तूच लाव बाई कुंकू. माह्या हाताचं त्याले सोसत नाई."

मी ताम्हण घेतलं. त्या उंबऱ्याबाहेरून हात जोडून उभ्या होत्या. दर दसऱ्याला त्या तिथेच उभ्या राहतात, आणि मला अजून सांगायचा धीर होत नाही.