काळजी करू नका, असं म्हणायचं नाही

नव्वदच्या दशकात आम्ही ऑकलंडच्या पश्चिमेला, हेन्डरसनमध्ये राहत होतो. नवरा हॉस्पिटलात डॉक्टर, आणि मी जवळच्याच एका लॉस ॲडजस्टरच्या कचेरीत फोन घेणारी बाई. लॉस ॲडजस्टर म्हणजे घर जळलं, छप्पर उडालं, पाणी शिरलं की विमा कंपनीच्या वतीने जाऊन काय गेलं आणि कशाने गेलं ते पाहणारा माणूस. पुण्यात मी विमा कंपनीतच क्लेम पाहत असे. त्यामुळे दिवसभर "जरा होल्ड करा हं" म्हणताना माझा नुसता जळफळाट व्हायचा. कचेरीत एका ॲडजस्टरची जागा रिकामी होणार होती. साहेब म्हणाले, ॲडजस्टरांच्या संस्थेची परीक्षा पास हो, जागा तुझी.

लेखी पेपरची मला भीती नव्हती. पॉलिसीची कलमं मी भाजी चिरताना पाठ म्हणायची. लेखी पेपर पहिल्याच फटक्यात सुटला. आडवी आली ती प्रात्यक्षिक परीक्षा.

त्यात एक अनुभवी ॲडजस्टर घरमालकाचं सोंग घ्यायचा आणि आपण त्याच्याकडे चौकशीला गेलोय असं समजायचं. मला मिळालेल्या गृहस्थाचं स्वयंपाकघर जळालं होतं. त्याने दोन्ही हातांत डोकं धरलं. मी खुर्ची पुढे ओढली आणि अगदी मनापासून म्हणाले, "काळजी करू नका, सगळं नीट होईल." गृहस्थाने डोकं वर केलं, कोरड्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि समोरच्या कागदावर फुली मारली.

कारण पैसे द्यायचे की नाही ते कंपनी ठरवते. ॲडजस्टर आधीच "नीट होईल" म्हणून बसला तर ते वचन ठरतं, आणि उद्या कंपनीने नकार दिला तर त्या माणसाची दुप्पट फसवणूक होते. हे मला पुस्तकातून पाठ होतं. पण ज्याच्या घरी असं काही झालंय त्याच्याकडे जायचं आणि धीराचे दोन शब्द न बोलता थेट "स्टोव्ह कोणत्या कंपनीचा होता?" विचारायचं, हे मला जमेना. आमच्याकडे असं वागणाऱ्या माणसाबद्दल लोक वर्षभर बोलले असते.

साहेबांनी आणखी एकदा बसू दिलं. तेव्हाही नाही जमलं तर बाहेरचा माणूस घेणार, हेही सांगितलं. चेहरा हसरा होता, पण ते खरंच बोलत होते.

मग घरी सराव सुरू झाला. नवरा घरमालक व्हायचा. एरवी दोन वाक्यांत जेवण उरकणारा हा माणूस सोंग घ्यायला लागला की नाटक कंपनीतून पळून आल्यासारखा करायचा. एकदा त्याचं छप्पर उडालं, एकदा टौरंगा गावातली किवीफळांची शेड पाण्यात गेली. शेडच्या वेळी तर त्याने पंच्याने डोळे टिपले, आणि मी म्हणून गेले, "अहो, होईल सगळं नीट." सोफ्यावर टीव्ही बघत बसलेली आमची मुलगी मान न वळवता म्हणाली, "आई, यू सेड इट अगेन."

मी वैतागून पुस्तक आपटलं. "तू रोज हॉस्पिटलात काय बोलतोस लोकांशी?" मी नवऱ्याला विचारलं. "'बरे व्हाल' म्हणत नाहीस?"

"नाही म्हणत. मला माहीत नसतं."

"मग काय म्हणतोस?"

"विचारतो. आत्ता काय होतंय, कधीपासून होतंय. आणि बसतो. लगेच उठून जात नाही."

"एवढंच?"

"एवढंच. पण ते हेवी असतं गं."

तुझ्याकडे निदान औषधं तरी असतात, असं म्हणून मी भाजी फोडणीला टाकायला गेले. पण ते 'बसतो' माझ्या डोक्यात बसलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी माझा चहा तसाच राहिला. दारात चप्पल शोधताना मी त्याला विचारलं, "होईन ना रे मी पास?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "आत्ता काय होतंय?" तो म्हणाला.

मला असा संताप आला म्हणून सांगू. एक शब्द बोलायला याचं काय जात होतं? मी काय याची पेशंट होते? दार आपटून मी निघाले आणि शहरात पोचेपर्यंत बसमध्ये मनातल्या मनात त्याच्याशी भांडत राहिले. त्या नादात परीक्षेची भीती मात्र कुठल्या कुठे गेली.

या वेळी समोर एक वयस्क बाई होत्या. स्वयंपाकघर यांचंही जळालं होतं. त्यांच्या डोळ्यांत चक्क खरं पाणी आलं. ते वाक्य माझ्या जिभेवर येऊन उभं राहिलं. मी ते गिळलं, त्यांच्याजवळ खुर्ची घेऊन बसले आणि विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंत का?"

बाई जरा अडखळल्या. हा प्रश्न त्यांना अपेक्षित नसावा. "नाही," त्या म्हणाल्या, "शेगडीच गेली ना."

मग शेजारी कोण आहे, आज रात्री कुठे झोपणार, असं विचारत विचारत आम्ही आगीपर्यंत आलो. कढईत तेल तापत ठेवून त्या फोन घ्यायला गेल्या होत्या, हे त्यांनी आपणहून सांगितलं. शेवटी त्यांनी माझा हात धरून सरळच विचारलं, "मला पैसे मिळतील ना?"

"ते मला आज सांगता येणार नाही," मी म्हणाले. "पण काय काय जळालंय ते मी सगळं नीट बघीन, आणि उद्या तुम्हाला फोन करीन."

बाईंनी रुमालाने डोळे पुसले, पेन उचललं आणि म्हणाल्या, "स्वीट ॲज." म्हणजे तिकडच्या बोलीत, झकास.

मी पास झाले होते.

घरी आले तर नवरा बागेत कपडे वाळत घालत होता. "कसं झालं?" त्याने विचारलं. मी सकाळचं विसरले नव्हते. "विचार की, आत्ता काय होतंय," म्हणाले, आणि मग मला हसू आवरेना. ते पाहून त्याला कळलंच. हातातल्या ओल्या टॉवेलसकट त्याने मला जवळ घेतलं.

परीक्षेची पुस्तकं पुन्हा डोळ्यांसमोर नकोत म्हणून मी ती लगेच गॅरेजमधल्या खोक्यात टाकायला गेले. तिथे तुळईला त्याचा तो पंचा टांगलेला होता. त्यात दह्याचं भलंमोठं गाठोडं, आणि खाली बादलीत पाणी ठिबकत होतं. चक्का चांगला घट्ट झाला होता. म्हणजे दही आदल्या रात्रीच टांगलेलं होतं. सकाळी दारात उभं राहून मी त्याच्याकडून एक शब्द मागत होते, तेव्हा माझं श्रीखंड गॅरेजमध्ये निथळत होतं.

माझे डोळे भरून आले. तो मागे येऊन उभा राहिला होता.

"आणि नापास झाले असते तर?" मी विचारलं.

"तर साखर जरा जास्त घातली असती," तो म्हणाला.