नामदेव मिस्त्रीचे दोन दरवाजे

आज सकाळी नामदेव मिस्त्री गेला.

आमचं दोघांचं पन्नास वर्षं बोलणं नव्हतं.

मधे फक्त एक पत्रा. त्या बाजूला त्याचं डेंटिंगचं दुकान, या बाजूला माझं गॅरेज. आमचं वाकडं आहे हे अख्ख्या खामगावला माहीत. कशावरून, ते कुणालाच नीट माहीत नाही.

आज सांगतो.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीची गोष्ट. तेव्हा तो पत्रा नव्हता. एकच शेड, दोघांची भागीदारी. इंजिन माझं, बॉडी त्याची.

एका जिनिंगच्या गोदामात, सरकीच्या ढिगाआड, एक विलायती टू-सीटर पडून होती. कापूस कंपनीचा कुणी गोरा साहेब जाताना सोडून गेलेला. सीट उंदरांनी खाल्लेल्या, मडगार्ड गंजून पापड झालेले. जिनवाल्या शेठच्या मुलानं ती ढकलत आमच्याकडे आणली. सोबत इंग्रजी मासिकातून फाडलेलं एक पान.

पानावर रेसची गाडी. बसकी, गडद हिरवी, बाजूला पांढऱ्या गोलात नंबर.

"अशी करून द्या."

इंजिन मी दीड महिन्यात चालू केलं. माझे कान तिखट, आजही आहेत. कोणता व्हॉल्व्ह कुरकुरतोय ते मी दारातून सांगायचो.

पण बघण्यासारखं काम नामदेवचं. सरकी भरलेल्या गोणीवर पत्रा ठेवायचा आणि लाकडी हातोडीनं हळूहळू गोलाई काढायची. मडगार्ड असे उतरले की शेठचा मुलगा विचारायला लागला, यातला जुना कोणता?

त्याचा खरा जीव मात्र दरवाजांत. दोन लहानसे दरवाजे. चारी बाजूंनी सारखी फट यावी म्हणून त्यानं तीन आठवडे घातले.

एक दिवस मला हाक मारली.

"डोये मिट."

"काऊन?"

"मिट म्हनलं ना बे. आयक."

त्यानं दरवाजा लावला. टक. एवढंच. खडखड नाही, थरथर नाही.

"कसा हाय?"

"बँकेच्या तिजोरीवानी."

त्या दिवशी तो जेवायला घरी गेलाच नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला दरवाजा लावून दाखवत बसला.

आता अडचण अशी, की मासिकातल्या गाडीला दरवाजेच नव्हते. दोन्ही बाजू खोल कापलेल्या. ड्रायव्हर वरून पाय टाकून आत बसणार.

मी म्हणालो, कापू.

नामदेव म्हणाला, "काच काढ, नंबर टाक, सायलेन्सर बाहेरून घे. माह्या दरवाज्याले हात नको लावू."

मी शेठच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "तुम्ही दोघं ठरवा. मला दोन्ही चालेल."

हे मी नामदेवला सांगितलंच नाही.

मग त्याचे वडील वारले. तो साखरखेर्ड्याला गेला, तेरवी होईपर्यंत तिकडेच. मी तेरवीला जायला पाहिजे होतं. जिवाभावाच्या दोस्ताचा बाप. मी निरोप धाडला, काम अर्जंट आहे.

काम अजिबात अर्जंट नव्हतं.

मी हॅक्सॉ घेतला आणि दोन्ही दरवाजे कापले. खालून पत्रा लावून गॅस वेल्डिंगनं जागा बंद केली. गाडी हुबेहूब त्या पानासारखी दिसायला लागली. मला तेच हवं होतं.

तो आला. डोक्याचं मुंडण, हातात पिशवी. गाडीभोवती एक चक्कर मारली.

"कोनं सांगतलं?"

"शेठच्या पोरानं."

"सोताच्या तोंडानं?"

"हाव."

"मंग मले निरोप काऊन नाही धाडला? मी आलो असतो. मीच कापले असते."

मी बॉनेट उघडून इंजिनात डोकं घातलं.

त्यानं पिशवी खाली ठेवली नाही. एका हातानंच हातोड्या गोळा केल्या. दुसऱ्या दिवशी शेडच्या मधोमध पत्रा उभा राहिला.

गाडीचा फोटो नागपूरच्या पेपरात आला. गाडीशेजारी मी, हात कमरेवर. त्या फोटोनं मला नाव दिलं. ट्रकवाले आले, जिनवाले आले, मोठं वर्कशॉप झालं. सत्कारात लोक म्हणतात, हा माणूस शून्यातून उभा राहिला. मी मान डोलावतो आणि हार घालून घेतो.

जुनं शेड मात्र मी सोडलं नाही.

त्याच्या गिऱ्हाइकाचं इंजिन कुरकुरलं तर तो सांगायचा, "बाजूच्याले दाखव." मीही चेपलेली गाडी बाजूच्याकडेच पाठवायचो. बायका हळदीकुंकवाला एकमेकींकडे जायच्या. आम्ही दोघं तसेच.

कितीदा तरी त्या पत्र्याला लागून उभा राहिलो. पलीकडे हातोडी चालू असायची. थांबली की बोलू, असं ठरवायचो. थांबली, की मी मागे फिरायचो.

गेल्या महिन्यात कळलं, त्यानं अंथरूण धरलंय. गेलो. घर भरलेलं. मुलं, सुना, चिखलीहून आलेली लेक.

खाटेजवळ बसलो आणि हळूच म्हणालो, "नामदेव, शेठच्या पोरानं सांगतलं नव्हतं."

तो नुसता पाहत राहिला.

सून म्हणाली, "बाबाले आयकू नाही येत काकाजी. पत्रा ठोकू ठोकू कान गेले त्याइचे. जोरात बोला."

आणि मग तो स्वतः बोलला. पन्नास वर्षांनी.

"मोठ्यानं बोल बे."

खोलीतले सगळे वळले. सगळ्यांचे डोळे माझ्यावर.

मी मोठ्यानं म्हणालो, "तब्येत कशी हाय म्हनलं."

"बरी हाय," तो म्हणाला. आणि सुनेला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.

मी चहा प्यालो आणि घरी आलो. उद्या परत जाऊ म्हणालो. गेलो नाही.

आज त्याला पोचवून आलो. त्याची मुलं, सुना, लेक, सगळे हे वाचतील. म्हणूनच इथं फेसबुकवर लिहितोय. त्या दिवशी त्यांच्यादेखत निघालं नाही तोंडातून.

नामदेव, कुणीच सांगितलं नव्हतं. तू नाहीस हे पाहून मी कापले. तुझ्या बापाच्या तेरवीला आलो नाही तो त्याच्यासाठीच.

चूक माझी होती.

रामराम, मिस्त्री.