सुदामचा शेवटचा झेल

दादा गेला त्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना मी त्याच्या खाटेशी थांबले होते. आदल्या संध्याकाळी मांडलेला डाव पाटावर तसाच होता. एकच चाल बाकी होती. चेंडू फेकून झाला होता आणि दाभोळचा सुदाम भाटकर मैदानाच्या कडेने धावत सुटला होता, म्हणजे त्याच्या नावाचा पुठ्ठा मी शेवटच्या रेषेपर्यंत सरकवून ठेवला होता. फासे टाकले की कळणार होतं, सुदामने चेंडू झेलला की सोडला. मी फासे उचलले तर दादा म्हणाला, "आत्ता नको गो. संध्याकाळी येशील तेव्हा टाक." मलाही बसची घाई होती. दुपारी शेजारचे अण्णा टपाल कचेरीत माझ्या खिडकीसमोर येऊन उभे राहिले. तिकिटं हवीत का, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, खिडकी बंद कर, घरी चल...

दीड महिना होत आला त्याला. बाजारात लोक थांबवतात, शेवटी काय झालं म्हणून विचारतात, मी पोटाचं दुखणं सांगते आणि पुढे जाते. दादाबद्दल चार ओळी लिहायला बसले तर सारखा सुदामच आडवा येतो. त्याला वगळून माझा भाऊ मला सांगता येणार नाही, म्हणून आधी त्याचंच सांगते. सुदाम भाटकर नावाचा माणूस कधी जन्माला आला नव्हता.

ऐंशी-एक्याऐंशी सालची गोष्ट. दादा बोटीवर खलाशी होता. परदेशातल्या एका बंदरात, बोट धक्क्याला लागत असताना, ताणलेल्या दोराने त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली. तो घरी आला तेव्हा त्याच्या पेटीत वहिनीसाठी साडी होती, माझ्यासाठी छत्री होती आणि तळाशी एक मोठा रंगीत खोका होता. अमेरिकेतल्या फुटबॉलचा खेळ. हिरव्या कापडाचं मैदान, फासे, पुठ्ठ्याचे खेळाडू आणि इंग्रजी नियमांचं एक चोपडं. आपला फुटबॉल नव्हे, हा हाताने फेकायचा आणि हाताने झेलायचा, चेंडूही म्हणे लांबट. दादाने तो तिकडच्या खलाशांच्या क्लबात टीव्हीवर एकदाच पाहिला होता. आमच्या गल्लीत तेव्हा टीव्हीच नव्हता, आणि मी तर तो खेळ आजतागायत पाहिलेला नाही. दादाचं इंग्रजी बोटीवरच्या हुकमांपुरतं, म्हणून नियम वाचून सांगायला मी बसले ती बसलेच.

खोक्यातले गोरे खेळाडू त्याने बाजूला ठेवले. जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापून आपले संघ केले... दाभोळ, हर्णे, जयगड, लोटे. लोट्याचा, म्हणजे कारखान्यांच्या गावचा, संघ माझा. पाळी संपल्याचा भोंगा झाला की तुझे खेळाडू मैदान सोडून कंपनीची बस धरायला पळतात, असं तो मला चिडवायचा, आणि खरोखरच मी फार वेळा हरायचे. दाभोळ त्याचं. त्यात एक जागा होती वाइड रिसीव्हरची. हा गडी सगळ्या घोळक्यापासून लांब, एकटा कडेने धावतो आणि लांबून फेकलेला चेंडू झेलतो. मी हे वाचून दाखवलं तेव्हा दादाने एक कोरा पुठ्ठा पुढे ओढला. मग म्हणाला, "म्हणजे धक्क्यावरचा माणूस. दोर फेकणारा सगळ्यांना दिसतो. झेलणाऱ्याकडे कोण बघत नाय." तिथे त्याने सुदामला घातलं. डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरात, पुठ्ठ्यावर त्याचं नाव लिहिलं.

पहिले दोन हंगाम सुदामने नुसते चेंडू सोडले. मी हसायचे. तिसऱ्या हंगामात मात्र त्याला काय झालं कोण जाणे, फासे त्याच्या बाजूने पडायला लागले. हर्ण्याविरुद्धचा एक सामना त्याने एकट्याने ओढून काढला, त्या दिवशी दादाने डाव्या हाताने सुरमई आणली आणि उजवा हात पहिल्यांदाच खिशाबाहेर ठेवून गल्लीतून आला. त्याआधी तो हात कोणाला दिसू देत नसे. सुदामचा चांगला काळ तोच दादाचा चांगला काळ. आमच्या घरी हंगाम दोन-तीन महिन्यांत संपायचा आणि दर हंगामाला खेळाडू एका वर्षाने मोठा व्हायचा, त्यामुळे सुदाम आमच्या डोळ्यांदेखत तिशीत आला, आणि मग त्याचा गुडघा गेला. दादा सकाळी पडवीत चहा पिताना वहिनीला म्हणाला, "सुदामचा गुडघा गेला." पलीकडे नव्याने राहायला आलेल्या काकूंनी ते ऐकलं. संध्याकाळी त्यांनी निरगुडीचं तेल बाटलीत घालून पाठवलं, मुलगा घरी येईल तेव्हा चोळा म्हणून. दादाने हसून सांगायचं ना, की असा कोणी मुलगा नाही. नाही सांगितलं. बाटली घेतली, आभार मानले. पुढे कितीतरी दिवस वहिनी ते तेल दादाच्या तुटक्या बोटांवर चोळत बसायची. ती या खेळावर मनापासून चिडायची, त्या पुठ्ठ्यांशी लग्न लावायला हवं होतं म्हणायची, पण तेल चोळायचं तिने एक दिवस चुकवलं नाही.

खेळात दादा कमालीचा कडक होता. पडलेला फासा पडला, तो पुन्हा टाकायचा नाही. एकदा सुदामचा सोपा झेल सुटला, मला वाईट वाटलं, मी म्हटलं, जाऊ दे, पुन्हा टाकूया, कोण बघतंय. त्याचा चेहराच बदलला. "परत टाकता आलं असतं तर मी आधी तो दोर परत नसता टाकला?" त्या दोराबद्दल तो आयुष्यात एवढंच बोलला. मी पुन्हा कधी तसं सुचवलं नाही.

गेल्या वर्षी दुखण्याने त्याला खाटेला खिळवलं. सुदामही म्हातारा झाला होता. नियमाप्रमाणे वयाबरोबर झेल अवघड होत जातो. त्याला आता दोन फाशांवर मिळून निदान दहा पडावे लागत. हा त्याचा शेवटचा हंगाम, आणि त्या संध्याकाळची चाल शेवटची चाल. ती टाकली की झेलो वा सोडो, सुदामचा पुठ्ठा खोक्यात जाणार होता. दादाने फासे का थांबवले हे मला बसमध्येही कळलं नाही. ते टाकेपर्यंत सुदाम खेळत होता...

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. घाटावर गेलेल्या पुरुषांनी दुपारी येऊन सांगितलं. चुलतभावाने सगळी वचनं देऊन पाहिली होती, वहिनीला अंतर देणार नाही, बहिणीला सांभाळू, कौलं परतून घेऊ. झाडावर कावळे होते, खाली एक आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून उरकलं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. मंडळी गेल्यावर ती माझ्यापाशी आली.

"वन्सं, सुदामचं काय झालं?"

मी म्हटलं, फासे टाकायचे राहिले.

"मग टाका की."

माझा हात उठेना. तेव्हा इतक्या वर्षांत खेळाला कधी न शिवलेली वहिनी पाटाशी बसली आणि तिने फासे टाकले. पाच आणि दोन. तिने माझ्याकडे पाहिलं. "झेललान?" खोटं बोलावंसं मला फार वाटलं, पण दादाच्या डावावर ते जमलं नाही. मी म्हटलं, नाही. वहिनीने फासे गोळा केले आणि पुन्हा टाकले. मी तिला सांगितलं, वहिनी, पुन्हा टाकायचे नसतात, दादाला चालायचं नाही.

"त्यांना नसेल चालत. मी टाकत्येय."

आणि ती टाकत राहिली. किती वेळा ते मी मोजलं नाही, तिला थांबवलंही नाही. शेवटी सहा आणि चार पडले. मी म्हटलं, झेललान. वहिनी तिथेच पाटाशी बसून रडली, दादा गेल्यापासून पहिल्यांदा. मग डोळे पुसून एवढंच म्हणाली, "बरं झालं. दमला होता."

नियमाप्रमाणे मी सुदामचा पुठ्ठा खोक्यात ठेवायला हवा होता. अजून ठेवलेला नाही. खाट काढली, पाट तिथेच आहे. वहिनी रोज सकाळी पुठ्ठ्याच्या आणि फाशांच्या भोवतीने फडका मारते. काल ऑफिसला निघताना माझा पदर लागला आणि एक फासा उलटला. मी वाकून बघेपर्यंत वहिनीने तो परत सहावर फिरवून ठेवला होता.