विझणारा ठिपका

नेरूळला माझं एसटीडी बूथ होतं, तेव्हा समोरच्या सोसायटीतल्या एक बाई रोज संध्याकाळी यायच्या. घरचा फोन अजून लागला नव्हता. बोलताना चष्मा काढायच्या, बोटानं बूथच्या काचेवर गिरवत राहायच्या. लांबच्या डोंगरावरच्या दुर्बिणीवरच्या माणसांना फोन लावून पहिला प्रश्न एकच, "ढग आहेत का?"

एकदा मी विचारलंच, "मॅडम, शोधताय काय?"

"आकाशात कधीतरी क्ष-किरणांची क्षणभर लखलख होते. ती आली कुठून, हे समजायला तिथंच साधा, डोळ्यांना दिसणारा प्रकाश शोधायचा. नाहीतर पत्ताच लागत नाही."

कधी ढग आडवे यायचे. कधी नवा वाटलेला ठिपका जुनाच तारा निघायचा. मग त्या रिसीव्हर हळूच ठेवायच्या आणि "उद्या येते, दादा," म्हणायच्या.

एका संध्याकाळी त्या फोनवर म्हणाल्या, "ठिपका परवापेक्षा मंद? नक्की? परत मोजा." बाहेर आल्या तेव्हा डोळे भरलेले होते.

"काय झालं मॅडम? गेला का?"

"जातोय! विझत चाललाय," त्या हसत म्हणाल्या.

"अरेरे!"

"अरेरे काय, दादा! बाकीचे सगळे तारे जसेच्या तसे आहेत. त्या लखलखीमागे उरलेला प्रकाशच असा मावळत जातो. विझतोय तोच आमचा."

पुढे त्यांच्या घरी फोन लागला आणि त्यांचं येणं थांबलं. बूथवर मी बऱ्यावाईट बातम्या पुष्कळ ऐकल्या. पण काहीतरी विझतंय म्हणून इतकं आनंदलेलं माणूस मी तेवढं एकच पाहिलं.