परबांचं युरोपातलं मत

गजेंद्र परब गेली अनेक वर्षं कतारमध्ये, दोह्यात, एका बांधकाम कंपनीच्या खरेदी विभागात आहेत. त्याआधी गोव्यात, पेडण्याजवळच्या आपल्या गावात ते पंच होते. मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्यांना रिक्षात बसवून आणायचे आणि बजावायचे, "कुणालाही द्या, पण मत फुकट घालवू नका."

वडील पोर्तुगीज राजवटीत जन्मलेले. त्या आधारावर परबांनी पोर्तुगालचा पासपोर्ट घेतला, मुलाला, वरुणला, युरोपात शिकता यावं एवढ्यासाठीच. भारताचा पासपोर्ट परत करावा लागला आणि त्याबरोबर गावातलं मतही गेलं. पुष्पावती, त्यांची बायको, भारतीयच राहिली. मे महिन्यात ती गावी जाऊन मत देऊन आली आणि शाईचं बोट मुद्दाम त्यांच्या ताटाशी धरून म्हणाली, "बघा, अजून गेली नाही."

जूनमध्ये युरोपियन संसदेची निवडणूक होती. सातशे वीस जागांपैकी एकवीस पोर्तुगालच्या, आणि दोह्यातल्या वकिलातीत जाऊन मत देता येणार होतं. परबांनी पांढरा शर्ट कडक इस्त्री करून घेतला.

आदल्या दिवशी लिस्बनहून वरुणचा फोन आला.

"बाबा, फोटो पाठवलाय. त्या चिन्हापुढे फुली मारा. बाकी काही बघू नका."

"कोण हे?"

"बाहेरून येणाऱ्यांना रोखणारे. किती लोंढे येतात इथे! आपलेही येतात, एकेका खोलीत दहा-दहा."

"तू कसा गेलास?"

"मी आलो ना? खलास. आता बास."

"गौरीचे पासपोर्टचे कागद तिथेच अडकलेत, वरुण."

"तिनं तिकडेच राहावं. बरं आहे की कतार."

स्वयंपाकघरातून पुष्पावतीचा मालवणी टोमणा आला, "आता झील सांगतलो नि बापूस आयकतलो!"

"ऐकणार नाही," परब म्हणाले.

गौरी त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. आजोबा तेच, म्हणून हक्कही तोच. दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्येच राहायची. सप्टेंबरमध्ये तिची नोकरी संपणार होती, आणि मग व्हिसाही. वकिलातीत तिनंच त्यांना गाडीनं नेलं.

"काका, आमच्यासारख्यांना घेणारं कुणीतरी बघा हां."

"बघतो."

आडोशामागे उभं राहून त्यांनी मतपत्रिका उघडली. लांबच लांब कागद. नावं पोर्तुगीजमध्ये, चिन्हं अनोळखी. त्यांना एकच चिन्ह ओळखता आलं, कालच्या फोटोतलं. बाकीच्यांबद्दल त्यांनी इतक्या वर्षांत कधी कुणाला विचारलंच नव्हतं. कुठेही फुली मारावी, तर ते याहून वाईट निघाले तर? कोरी टाकावी म्हणून त्यांनी घडीही घातली. हात पेटीकडे गेला नाही. जन्मभर ज्यांना बजावलं ती माणसं जणू मागे रांगेत उभी होती. त्यांनी घडी उलगडली आणि ओळखीच्या चिन्हापुढे फुली मारली.

बाहेर गौरीनं गाडी सुरूच ठेवली होती.

"दिलंत? कुणाला?"

"वरुणनं सांगितलं त्याला."

"दादानं सांगितलं? माझ्यासाठी?" तिचा चेहरा खुलला. "तो बोलत नाही, पण लक्षात ठेवतो."

परबांनी पट्टा ओढून घेतला. तो खाचेत बसेना. ती वाकून बसवून द्यायला लागली, तेव्हा त्यांनी मान खिडकीकडे वळवली.

सिग्नलला तिनं वरुणला लिहिलं, "थँक यू, दादा."

त्यानं लगेच अंगठा पाठवला. तिनं तो काकांना दाखवला.